जीव नकोसा झाला, हे खरंच सांगायचं असेल तर: बेळगावात घेतलेल्या उपचारांचा अनुभव

आमच्या शहापुरात ‘जीव नकोसा झालाय बघ’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. चार दिवस नळाला पाणी नाही, जीव नकोसा झालाय. पावसानं कपडे वाळेनात, जीव नकोसा झालाय. सुनेनं उलट उत्तर दिलं, गुडघा धरला, सगळ्याला तेच. गेल्या वर्षी वैशाखात मीही ते बायकोला तीन-चार वेळा म्हणालो. तिनं चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “मलाही तसंच झालंय की हो.” तिची काही चूक नव्हती. हे वाक्य आपल्याकडं वापरून वापरून इतकं झिजलंय, की ज्याला ते खरंच म्हणायचं असतं त्याचं कुणाला ऐकूच जात नाही. वेगळं वाक्य तोंडातून निघायला मला अडीच महिने लागले. त्या काळात आणि नंतरच्या वर्षभरात मी कुठं कुठं गेलो, तिथं काय मिळालं, किती पैसे गेले, ते इथं लिहितोय. मी शोधत होतो तेव्हा आपल्या भागातल्या माणसानं मराठीत लिहिलेलं असं काही मला मिळालं नव्हतं.

हे वाचताना तुमच्याच मनात मरणाचे विचार येत असतील तर बाकीचं नंतर वाचा. आधी १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस ही सरकारची सेवा आहे, २४ तास चालू, पैसे पडत नाहीत. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आता या क्षणी धोका वाटत असेल तर ११२ किंवा १०८, आणि घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला हाक मारून जवळ बसवून घ्या.

मी पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करतो. २१ वर्षं झाली. शहापूर, वडगाव, खासबाग, असा माझा पट्टा. रोज दुकानादुकानात जायचं, कुणाचे ५०, कुणाचे १००, मशीनमधून पावती काढून द्यायची आणि संध्याकाळी भरणा करायचा. ज्या सौहार्द सहकारी संस्थेसाठी मी हे करत होतो, तिनं त्याआधीच्या दिवाळीनंतर पैसे परत देणं थांबवलं. संचालक फोन उचलेनात. पण मी रोज रस्त्यावर दिसणारा माणूस. लोकांनी संस्थेला पैसे दिलेच नव्हते, त्यांच्या दृष्टीनं मला दिले होते. फुलं विकणाऱ्या एका मावशींनी लेकीच्या लग्नासाठी ४ वर्षं साठवलेले पैसे त्यात होते. त्या मला काही बोलल्या नाहीत. नुसतं बघायच्या. मी त्या गल्लीतनं जायचं बंद केलं, मग शेजारच्या गल्लीतनं, मग घरातनं बाहेर पडायचंच बंद केलं.

पहाटे साडेतीनला जाग यायची ती येतच राहिली. शेजारचे माग सकाळी सुरू झाले की लहानपणापासून मला त्या खटखटीत झोप लागायची. आता तो आवाज डोक्यात घुसायचा. जेवणाची चव गेली. साध्या बेरजा चुकायला लागल्या. आणि एक विचार येऊन बसला: आपण नसलो तर विषय मिटेल, घरच्यांना त्रास होणार नाही. हा विचार येतो तेव्हा तो आजारासारखा वाटत नाही हो. अगदी शहाण्या माणसानं मांडलेल्या हिशेबासारखा वाटतो. म्हणून तर डॉक्टरकडं जावं असं मनात आलं नाही.

आधी जिथं गेलो त्यातल्या बऱ्याच गोष्टी थोडक्यात सांगतो. अक्का मला खानापूरकडच्या एका देवऋष्याकडं घेऊन गेली. त्यानं उतारा काढला. तिचं प्रेम होतं त्यात, मी तिला दोष देणार नाही. पण तीन आठवडे त्यात गेले. मग गल्लीतल्या नेहमीच्या डॉक्टरांनी “टेन्शन घेऊ नका” म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. माझ्या मनात काय चाललंय हे न विचारता पंधरा दिवसांच्या गोळ्या एकदम हातात देणं हे किती चुकीचं होतं, ते मला नंतर कळलं. एका मोबाईल ॲपवरून एक मुलगी बोलली, चांगली होती, पण हिंदीत. माझं हिंदी सिनेमा बघण्यापुरतं. मला त्या भाषेत ‘मरावंसं वाटतं’ हे म्हणताच येईना. म्हणालो ते फक्त “मन नहीं लगता”. तिनं मला श्वासाचे व्यायाम सांगितले.

शहरातल्या एका खासगी मनोविकारतज्ज्ञांकडं मात्र मी मोठ्या आशेनं गेलो होतो. ६०० रुपये फी. अडीच तास बाकावर. समोर माझाच एक खातेदार, त्याच्या आईला घेऊन आलेला. दोघांनी एकमेकांकडं न बघितल्यासारखं केलं. आत पाच मिनिटं मिळाली, दार उघडं, दारात पुढचा पेशंट उभा. “झोप? भूक? काम?” असं विचारून चिठ्ठी लिहिली. डॉक्टर हुशार असतील, औषधही कदाचित बरोबर असेल. पण उघड्या दारात, खातेदार बाहेर बसलेला असताना, कुठला माणूस तोंड उघडेल? मी ती चिठ्ठी दुकानात दिलीच नाही.

मग मंगाईच्या यात्रेचा आठवडा आला. वडगावात सगळं गजबजलेलं, घरी पाहुणे, कोंबडं शिजत होतं, आणि मी मागच्या खोलीत. त्या रात्रीबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच, की दीडच्या सुमाराला मी १४४१६ लावला. नंबर मला पोराच्या कॉलेजच्या वहीवर छापलेला दिसला होता. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि तिची मुख्य धुरा बंगळूरच्या निम्हान्सकडं, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेकडं आहे, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री मला एवढंच माहीत होतं की पाच आकडे दाबायचे.

आधी भाषा विचारतात. पलीकडच्या बाई कन्नडमध्ये बोलायला लागल्या. माझं कन्नड बाजारापुरतं, मी मराठीत बोलणारं कुणी मिळेल का विचारलं. त्यांनी थोडं थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या बाईंना जोडून दिलं. मी नेहमीचं वाक्य म्हणालो, “मॅडम, जीव नकोसा झालाय.”

त्या थांबल्या. म्हणाल्या, “दादा, जीव नकोसा झालाय म्हणजे कंटाळा आलाय, का स्वतःचा जीव घ्यावा असं मनात येतंय? दोन्ही सांगितलं तरी चालेल, मी ऐकतेय.”

अडीच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “येतंय.” आणि मला जे रडू फुटलं ते थांबेना. त्या मध्ये बोलल्या नाहीत. फक्त अधूनमधून “आहे मी” म्हणत राहिल्या. असा थेट प्रश्न विचारला तर माणसाच्या डोक्यात नसलेलं भरेल, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या बायकोलाही वाटायचं. तसं होत नाही, हे डॉक्टर मंडळी ठामपणे सांगतात. माझ्या बाबतीत तर त्या प्रश्नानंतर पहिल्यांदा छातीवरचा दगड हलला.

मग त्यांनी एकेक गोष्ट विचारली. आत्ता एकटे आहात का? काही ठरवलंय का? जवळ काही आहे का? घरात कोण जागं होऊ शकेल? मी बायकोला उठवणार नाही म्हणालो, पाहुणे आहेत, तमाशा होईल. त्या म्हणाल्या, “पाहुण्यांना उठवू नका. ताईंना उठवा. मी फोनवरच आहे.” मी उठवलं. त्या बायकोशी बोलल्या, तिला काय काय उचलून दुसरीकडं ठेवायचं ते सांगितलं, मला रात्री एकटं सोडू नका म्हणाल्या, आणि सकाळी कुठं जायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन आला, गेलात का दवाखान्यात म्हणून. गेलो होतो.

माझी एक भीती होती ती इथं सांगून टाकतो, कारण आमच्याकडं ती प्रत्येकाच्या पोटात असते. पोलीस केस होईल. मला वाटायचं, तोंडातून शब्द गेला की चौकीतून माणूस येईल आणि गल्लीत बोभाटा होईल. मनात विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न करणाऱ्यावर जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम लागायचं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या ११५ व्या कलमानं असं म्हटलं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुनं कलम राहिलेलंच नाही. तुमची माहिती गुप्त ठेवणं हेही याच २०१७ च्या कायद्यानं दवाखान्यावर बंधनकारक केलंय. मला हे सगळं आधी कुणी सांगितलं असतं तर ते अडीच महिने कमी झाले असते.

सकाळी आम्ही एका मोठ्या दवाखान्याच्या मनोविकार ओपीडीत गेलो. नाव लिहीत नाही, कारण आता थोडी तक्रारही करणार आहे. चिठ्ठीचे पैसे किरकोळ. नंबर लागायला साडेतीन तास. पाट्या, फॉर्म, सगळं कन्नडमध्ये. बायको अर्धं वाचू शकली, बाकीचं रांगेतल्या एका बैलहोंगलच्या मामांनी भरून दिलं. पिण्याचं पाणी दुसऱ्या मजल्यावर. बाकडी कमी, म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसलेली. हे सुधारायला हवं, आणि सुधारणं अवघड नाही.

पण आत गेल्यावर दार बंद झालं. तरुण डॉक्टर होते. माझ्याबरोबर २५ मिनिटं बसले. त्यांनी ९ प्रश्नांचा एक कागद पुढं केला, गेल्या दोन आठवड्यांत हे हे किती वेळा झालं असा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. कागद कन्नड होता, म्हणून त्यांनी शेजारच्या खोलीतल्या एका मॅडमना बोलावलं. त्यांनी प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवला आणि माझ्याकडं बघत खुणा केल्या. नवव्याला त्यांनी आवाज बारीक केला नाही, घाईही केली नाही. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यातल्या बिघाडानंही माणूस खचतो. माझं बी-१२ कमी निघालं, पण तेवढंच कारण नव्हतं. आजार नैराश्याचा होता.

ॲडमिट व्हायला हवं का, हे त्यांनी आमच्यासमोरच तोललं. गरज पडली तर धारवाडला जावं लागेल म्हणाले, आणि बायकोचा चेहरा उतरला. आपल्याकडं ‘धारवाडला पाठवा’ ही शिवी आहे. ब्रिटिशांच्या काळापासूनचं मनोरुग्णालय तिथं आहे, आता त्याला डिमहान्स म्हणतात, शिकवणारी संस्था झालीय. डॉक्टर म्हणाले, “ताई, बेळगावपासून ७५-८० किलोमीटरवरचा एक दवाखाना आहे तो. शिक्षा नाही.” शेवटी बायको सोबत राहणार, औषध तिच्या ताब्यात राहणार आणि चार दिवसांनी परत दाखवायचं, या अटींवर मला घरी सोडलं.

औषधाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण अर्धी माणसं इथं गळतात. एस्सिटालोप्राम नावाची गोळी, लहान मात्रेनं सुरू केली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं: पहिले आठ-दहा दिवस मळमळेल, बेचैनी वाढू शकेल, आणि मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतील, कधी जास्तही. सुरुवातीच्या दिवसांत विचार जोर करू शकतात, विशेषतः पंचविशीच्या आतल्या पोरापोरींत, म्हणून लवकर लवकर बोलावतात. हे सांगितलं नसतं तर पाचव्या दिवशी मी गोळी फेकून दिली असती. मळमळलं. हात थरथरले. बायकोनं कॅलेंडरच्या चौकोनात रोज एक टिंब द्यायला सुरुवात केली. आठवड्यापुरत्याच गोळ्या मिळायच्या, त्या तिच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. आधी मला अपमान वाटला. २१ वर्षं लोकांचे पैसे सांभाळणारा मी, आणि मला माझी गोळी हातात मिळेना. एका रात्री चिडून बोललो तिला. ती म्हणाली, “तुम्ही बरे झालात की किल्ली तुमची. आत्ता माझी.” त्यावर मला काही बोलता आलं नाही.

अठराव्या दिवशी सकाळी माग सुरू झाले आणि मला जाग आली नाही. बायकोनं नंतर सांगितलं. सहा वाजेपर्यंत झोपलो होतो.

आणखी एक गोष्ट पुरुषांसाठी. या गोळ्यांनी नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होऊ शकतो. माझ्यावर झाला. लाजून मी दोन महिने लपवलं आणि गोळी बंद करायच्या विचारात होतो. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी शांतपणे मात्रा बदलली. स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. चक्कर येते, झटके बसल्यासारखं होतं, आणि आजार उलटतो. ‘याची सवय लागते’ असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. दारू-तंबाखूची लागते तशी सवय याची लागत नाही. थांबवायची तेव्हा डॉक्टर हळूहळू उतरवतात. पैशाचं म्हणाल तर जन औषधी दुकानात हीच गोळी बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते.

आता त्या मॅडम, ज्यांनी ९ प्रश्न वाचून दाखवले. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हा फरक मला माहीत नव्हता, तुम्हालाही नसेल. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, मानसशास्त्रात एम.फिल.सारखं दवाखान्यातलं शिक्षण घेतलेला असतो आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडं त्याची नोंद असते. तो नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. चांगला माणूस रागावत नाही. पाटी लावून ‘माइंड कोच’ म्हणवणारे पुष्कळ झालेत आणि मरणाचे विचार असलेल्या माणसानं तिथं वेळ घालवू नये.

दवाखान्यात मॅडमना प्रत्येकाला अर्धा तासच देता यायचा आणि तारीख तीन आठवड्यांनी. म्हणून पुढं मी टिळकवाडीत त्या संध्याकाळी बसतात तिथं जायला लागलो. ४५ मिनिटांचे ७०० रुपये. मला हे परवडणारं नव्हतं. अक्कानं पहिल्या सहा वेळचे पैसे दिले, नंतर मॅडमनीच आपणहून ४०० केले. आजपर्यंत १९ बैठका झाल्या. त्यांनी नाव न लिहिण्याची विनंती केलीय, म्हणून लिहीत नाही.

त्यांची मातृभाषा कन्नड. गोकाककडच्या. मी १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत वर्षानुवर्षं चाललेला माणूस, आजही चालतो. भाषेवरून आमच्या गावात काय काय झालंय ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि आपल्या भाषेत कागद मिळावा हा आमचा हक्क आहे यावर मी ठाम आहे. म्हणूनच सांगतो, या बाईंनी माझ्या भाषेसाठी जे कष्ट घेतले ते मी विसरणार नाही. त्या वहीत माझे शब्द देवनागरीत, मी म्हटले तसेच लिहून घ्यायच्या. ‘काळीज कुरतडतंय’ म्हणालो तर “म्हणजे कसं? कुठं? किती वेळ?” असं विचारायच्या. ‘तोंड दाखवायला जागा नाही’ म्हणालो तर म्हणाल्या, “कुणाला? नावं सांगा.” मी नावं सांगायला बसलो. माझ्या ६२ खातेदारांपैकी ज्यांनी मला खरंच काही वाईट बोललं होतं ते निघाले ५. मी घाबरत होतो ६२ जणांना.

असंच चालायचं त्यांचं काम. उपदेश नाही. ‘पैसे मी बुडवले’ हे माझं वाक्य त्यांनी कागदाच्या मधोमध लिहिलं आणि एका बाजूला ते खरं असल्याचे पुरावे, दुसऱ्या बाजूला खोटं असल्याचे, असं मलाच लिहायला लावलं. भरण्याच्या पावत्या माझ्याकडं होत्या, एकूण एक. हिशेबी माणसाला हिशेबानंच उलगडून दाखवलं. तरी मी म्हणालो, “पण मॅडम, आणून तर मीच दिले.” त्यावर त्या वाद घालायच्या नाहीत. म्हणायच्या, “हे दुःख आहे. गुन्हा नाही. दुःख आपण धरून बसू शकतो, त्याला शिक्षा द्यायची गरज नाही.” हे त्यांचं वाक्य मी पिग्मीच्या डायरीत लिहून ठेवलंय.

दुसऱ्याच बैठकीत त्यांनी माझ्याकडून एक कागद भरून घेतला होता, ‘सेफ्टी प्लॅन’ म्हणतात त्याला. ही पद्धत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन तज्ज्ञांनी बसवलेली आहे, जगभर वापरतात. विचार चढायला लागले हे कशावरून ओळखायचं: माझं पहिलं लक्षण म्हणजे मी मोबाईल उलटा ठेवतो. मग स्वतःहून काय करायचं: येळ्ळूरच्या वाटेनं शेताकडं चालायला जायचं. मग कुठं माणसांत बसायचं: कपिलेश्वराच्या देवळात, संध्याकाळी. मग कुणाला सांगायचं: बायको, अक्का, खासबागचा मित्र. मग डॉक्टर आणि १४४१६. आणि घर सुरक्षित कसं ठेवायचं, ते बायकोच्या जबाबदारीवर. हा कागद लॅमिनेशन करून मी मशीनच्या पिशवीत ठेवलाय. आत्तापर्यंत चार वेळा काढावा लागला. चौथ्या पायरीच्या पुढं एकदाही जावं लागलं नाही. एकदाच मित्राला रात्री अकराला बोलावलं, तर तो लुंगीवरच स्कूटर घेऊन आला आणि आम्ही कठड्यावर बसून राहिलो, काही न बोलता.

कार्तिकात मॅडम म्हणाल्या, आता एका दुकानात जायचं. एकाच. कुठलं ते तुम्ही ठरवा. मी फुलंवाल्या मावशींचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळ्यात अवघड कशाला घेताय, सोपं घ्या. पण मला तेच करायचं होतं. तीन आठवडे आम्ही त्याचीच तयारी केली, मी काय बोलणार, त्या रागावल्या तर काय, रडल्या तर काय. शेवटी गेलो. मावशी म्हणाल्या, “किती बारीक झालास रे. आजारी हाईस म्हणून सांगिटलं गल्लीत.” पैशाचा विषय त्यांनी काढला, मीही टाळला नाही. तक्रारीच्या अर्जाचं काय झालं ते सांगितलं. पैसे अजून मिळालेले नाहीत. त्यांच्या लेकीचं लग्न पुढं गेलंय. ते दुःख आहेच. पण मी आता त्या गल्लीतनं जातो.

ज्यांना बेळगाव लांब पडतं त्यांच्यासाठी: खानापूर, चिक्कोडी, हुक्केरीकडच्या मंडळींनी आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ‘मनोचैतन्य’ची चौकशी करा. कर्नाटक सरकारच्या या कार्यक्रमात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला येतात. जाण्याआधी फोन करून या मंगळवारी येणार आहेत का ते विचारून घ्या. देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, त्याचा नमुना निम्हान्सनं आपल्याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यात घालून दिला होता. म्हणजे ही सोय मागणं हे काही जगावेगळं मागणं नाही. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या त्याच कायद्यानं मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरायला विमा कंपनीला सांगितलंय. ॲडमिट व्हायची वेळ आली तर हे ठासून सांगा.

ओपीडीला जाताना सकाळी आठच्या आत पोचा. आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. पाण्याची बाटली आणि भाकरी न्या, दुपार होते. वाचता येणारं माणूस सोबत घ्या, आणि आत एकट्यानं पाच मिनिटं बोलायचं आहे असं डॉक्टरांना सांगायला लाजू नका. सोबतच्यासमोर सगळं बोलता येत नाही. पहिल्या डॉक्टरशी जमलं नाही तर दुसरा बघा, दुसरा जमेना तर तिसरा. माझा पाचव्या ठिकाणी जमला. आणि आत गेल्यावर ‘जीव नकोसा झालाय’ म्हणू नका. “मला मरावंसं वाटतंय, मला मदत पाहिजे,” असं म्हणा. मराठीत म्हणा. समोरच्याला कळलं नाही तर कळणारं माणूस बोलवा म्हणून सांगा, आणि ते येईपर्यंत उठू नका.

कपाटाची किल्ली संक्रांतीला माझ्याकडं आली. गोळी अजून चालू आहे, मात्रा निम्मी झालीय. मॅडमकडं आता महिन्यातून एकदा. पुढची तारीख मंगाईची यात्रा झाल्यावरच्या शुक्रवारी, संध्याकाळी सहाची.